पाणी कशात नेता, ताई?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहून काढतेय, नाहीतर हे सगळं मी काउंटरवर उभी राहून तोंडीच सांगत असते, एकीकडे कुणाच्यातरी बीपीच्या गोळ्या मोजत. जळगावात माझं मेडिकल आहे, रविवारी सातपुड्याच्या पायथ्याला पळायला जाते, आणि ज्याला ज्याला हे कळतं तो पहिला प्रश्न बुटांचा विचारतो नि दुसरा हाच. ताई, लांब पळताना पाणी कशात नेता, वेस्ट (ते पाण्याचे खिसे असलेलं जाकीट) कुठली घेऊ, पाठीवरची नळीवाली पिशवी बरी की हातातली बाटली?

यावर मीच उलट विचारते, की कुठे पळणार, कुठल्या महिन्यात, नि मधे पाणी कुठे आहे? मग समोरच्याचा मूड जातो, कारण त्याला लिंक हवी असते. पण पिशवी शेवटी ठरते हो. आधी एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत किती वेळ लागतो ते बघायचं.

आपल्याकडे तर हे फारच बघावं लागतं. मोबाईलच्या नकाशात चोपडा, यावल, रावेरच्या वरच्या अंगाला सातपुड्यातून उतरणाऱ्या निळ्या रेघाच रेघा दिसतात, नि बाहेरून आलेला माणूस म्हणतो वा, नालेच नाले आहेत, एक छोटा फिल्टर घेतला की झालं. पण तो पायथ्याचा सगळा पट्टा दगडगोट्यांचा नि वाळूचा, बझाडा म्हणतात त्याला, डोंगरातून आलेलं पाणी तिथे पोचलं की जमिनीत मुरतं नि खोल जातं, केळीवाल्यांना बोअर अजून खोल करा, अजून खोल करा असं उगाच करावं लागत नाही. हिवाळा सरता सरता गेलात तर निळ्या रेघेच्या जागी पांढरे गोटे नि सावली शोधत बसलेल्या दोन शेळ्या.

हे मला माहीत होतं आणि तरी मी फसले, ते सांगते. मार्च होता. मनुदेवीच्या देवळाच्या बाजूने निघून पायथ्यापायथ्याने जाऊन परत यायचं, एकवीस किलोमीटर, पाठीवर नवीकोरी दीड लिटरची ब्लॅडर, म्हणजे ती नळीवाली पिशवी. तिची गंमत अशी की पाणी पाठीला चिकटून असतं, हलत नाही (भरल्यावर पिशवी उलटी धरून नळीतून हवा ओढून घ्यायची, मग डचमळत नाही), हात मोकळे राहतात, नळी तोंडाशीच, त्यामुळे माणूस सारखा घोट घोट पीत राहतो आणि किती प्यायला ते त्याला अजिबात कळत नाही, कारण पिशवी पाठीमागे, दिसतच नाही. चौदाव्या किलोमीटरला नळीने फुर्रर्र असा आवाज केला. शाळेत स्ट्रॉने ताक संपवल्यावर यायचा ना, तसाच. सात किलोमीटर बाकी, दहा वाजत आलेले, ऊन मानेवर.

पुढे केळीचा बाग लागला. ठिबकच्या नळ्या ओळीने पडलेल्या, माझ्या मनात आलं की टोकाचं बूच काढावं, जे काही येईल ते प्यावं. हे कधीही करू नका. ठिबकमधून खत सोडतात, युरिया, पोटॅश, जे काय असेल ते पाण्यात विरघळवून त्याच नळीतून जातं, आणि प्यायला लागल्यावर ते तुम्हाला कोण सांगणार. विहिरीवरच्या मोटारीला तर लाइटच नव्हती, शेतीची लाइट पाळीपाळीने, त्या आठवड्यात रात्रीची. शेवटी शेडजवळ एक सालदार बाबा दिसले, मूळचे अमळनेरकडचे, त्यांनी माठातून दोन तांबे दिले नि मी पीत असताना माझ्या पाठीकडे बघत म्हणाले, "इतलं मोठं दप्तर पाठवर, नि पानी नई?"

दप्तर! तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये वेस्टला दप्तरच म्हणतात.

घरी येऊन मी जे केलं ते आधीच करायला हवं होतं. दुकानाबाहेर वजनाचा काटा आहे, पुढच्या वेळेपासून पळायला जाण्याआधी नि आल्यावर त्यावर उभी राहिले. घामाने भिजलेले कपडे काढून कोरडे घालायचे, नाहीतर हिशोब चुकतो. जेवढं वजन कमी झालं त्यात मधे प्यायलेलं पाणी मिळवायचं, एक किलो म्हणजे ढोबळमानाने एक लिटर घाम, बस्स. जानेवारीत दीड तासात माझा पाऊण लिटरही जात नाही, मे महिन्यात सकाळी साडेपाचला निघूनसुद्धा त्याच दीड तासात दीड लिटर जातं. तुमचा आकडा वेगळा येईल, माझ्या नवऱ्याचा तर माझ्या दुप्पट येतो, तो घामाचं धरणच आहे.

गेलेला सगळा घाम पळतानाच भरून काढायचा असंही नाही, उलट त्या नादात लोक पाणी ढोसत सुटतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं होतं, तर १३ टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, कमी निघालं, आणि ज्यांचं वजन पळून कमी व्हायच्या ऐवजी वाढलं होतं त्यांच्यात ते जास्त. म्हणजे तहान नसताना साधं पाणी ढकलत राहणं हाही धोकाच आहे. तहान लागली की प्यायचं, पण तहान लागेल तेव्हा पाणी जवळ असलं पाहिजे, एवढ्यासाठी हा हिशोब.

आता कशात न्यायचं ते. तासाभराचं पळणं असेल, मेहरूण तलावाच्या चकरा वगैरे, तर हातात पट्टा असलेली अर्धा लिटरची बाटली, विषय संपला. दर काही वेळाने हात बदला, नाहीतर एकच खांदा धरतो. कमरेचा पट्टा मला कधी जमला नाही, बाटल्या उड्या मारतात, घट्ट केला तर पोटात गोळा, सैल केला तर कंबर सोलून निघते. काहींना जमतो, त्यांनी खुशाल वापरावा.

दोन तासांच्या पुढे वेस्टच. मी समोर छातीवर अर्ध्या अर्ध्या लिटरच्या दोन सॉफ्ट फ्लास्क ठेवते, त्या मऊ बाटल्या, पाणी कमी होईल तशा आक्रसतात म्हणून डचमळत नाहीत, आणि मुख्य म्हणजे डोळ्यासमोर असतात, किती उरलं ते मान खाली घातली की कळतं. एकीत साधं पाणी, एकीत मिठाचं. बायकांना एक सांगते, उंच फ्लास्क छातीवर नको त्या ठिकाणी दाबतात नि वरचं टोक गळ्याच्या हाडाला लागतं, त्यामुळे खिसा खाली, बरगड्यांवर असलेली वेस्ट बघा, आणि दुकानात रिकामी घालून आरशात बघण्यात काही अर्थ नाही, पाणी भरून तिथल्या तिथे वीस उड्या मारा. दुकानदार बघतो, बघू दे.

पण या मऊ बाटल्यांचा एक दोष पळणाऱ्यांपैकी कुणीच मला सांगितला नव्हता, तो मला हापशीवर कळला. एका पाड्याच्या बाहेर हापशी आहे, मी एकटी. दांडा मारायचा तर दोन्ही हात लागतात, आणि ती बाटली धड उभी राहत नाही, तिला बूडच नाही, तोटीखाली ठेवली की आडवी पडते. दांडा मारून धावत तोटीकडे जावं तर तोवर धार संपते, हातात येतं चार चमचे पाणी. मी तीन वेळा धावले. पाड्यावरची एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन हे सगळं शांतपणे बघत होती, मग भावाला खाली ठेवलं, दांड्याला लोंबकळली आणि मला म्हणाली, धर. त्या दिवसापासून मी मागच्या जाळीच्या खिशात एक साधी लिटरची बाटली ठेवते, स्टेशनवर मिळते तीच, बूड असलेली. ती हापशीखाली स्वतःच्या पायावर उभी राहते. वजन तीसेक ग्रॅम, हरवली तर रडू येत नाही. हापशीचं पहिलं पाच-सहा दांडे पाणी सोडून द्यायचं, ते पाइपातलं गंजाचं असतं, आणि एप्रिलनंतर हापशीवर भरवसा ठेवायचाच नाही, कितीतरी ठिकाणी दांडा नुसता खडखड वाजतो.

त्या लिटरच्या बाटलीचा दुसरा फायदा मेडिकलवालीच्या नजरेतून. ओआरएसचं पाकीट एक लिटरसाठी असतं, २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज वगैरे सगळं लिटरच्या मापाने, आणि लोक ते आख्खं पाकीट अर्ध्या लिटरच्या फ्लास्कमध्ये ओततात, दुप्पट कडक, मग मळमळलं की पाकिटाला शिव्या. एक पाकीट, एक बाटली. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ते पुठ्ठ्याच्या डब्यातलं गोड सरबत मात्र ओआरएस समजून घेऊ नका.

ब्लॅडर वाईट असं मी म्हणत नाही हं. तिचा जन्मच माझ्या धंद्यातला आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत टेक्सासच्या उन्हात शंभर मैलांच्या सायकल शर्यतीसाठी मायकल आयडसन नावाच्या अँब्युलन्सवर काम करणाऱ्या माणसाने सलाइनची पिशवी पाण्याने भरून मोज्यात घातली, मोजा जर्सीच्या पाठीला अडकवला आणि नळी खांद्यावरून पुढे घेतली, त्यातून पुढे कॅमलबॅक कंपनी झाली. जिथे मधे पाणी नाहीच, तोरणमाळच्या बाजूचे लांब पल्ले वगैरे, तिथे मीपण ब्लॅडर नेते, पण समोर एक फ्लास्क राखीव ठेवून, तिला ब्लॅडर संपेपर्यंत हात लावायचा नाही. आणि आल्यावर धुऊन, नळीसकट उलटी टांगून वाळवायची, गोड काही भरायचं नाही, नाहीतर आतून काळे ठिपके.

मोज्यावरून आठवलं. माझ्या आजोबांच्या बैलगाडीला खाली छागल टांगलेली असायची, जाड कापडाची, बाहेरून कायम ओली, त्यातलं पाणी वैशाखातसुद्धा गार. समोरच्या फ्लास्कमधल्या पाण्याचा मेमध्ये आठ वाजेपर्यंत चहा होतो. म्हणून मी मागच्या बाटलीला जुना सुती मोजा ओला करून चढवते, आपल्या कोरड्या हवेत ते बाष्पीभवन झकास चालतं, पाणी माठाएवढं नाही पण पिण्यासारखं राहतं. पावसाळ्यात काही उपयोग नाही, नुसती पाठ भिजते.

दोन लिटरच्या वर मी उचलत नाही. दोन लिटर म्हणजे दोन किलो, वर बाकी सामान, चढाला गुडघे हिशोब मागतात. त्याहून जास्त लागणार असेल तर रस्ता बदलते, आठच्या आकड्यात लावते म्हणजे मधल्या चहाच्या टपरीवरून दोनदा जाणं होतं, टपरीवाल्याकडे आदल्या दिवशी पाच लिटरचा कॅन ठेवून द्यायचा. जंगलात झाडाखाली बाटल्या लपवायच्या भानगडीत पडू नका, वानरं फोडतात, नि उरतं ते आपलंच प्लास्टिक. अभयारण्यात जायचं तर वनखात्याची परवानगी आणि सोबत, हे वेगळं सांगायला नको.

बाकी सामान फार नाही. क्रेप बँडेज, शिट्टी, डोक्याची बॅटरी, प्लास्टिकच्या पिशवीत फोन नि दोनशे रुपये सुटे, व्हॅसलिनची छोटी डबी (काखेत नि पट्ट्याखाली आधीच लावा, सोलल्यावर लावून उपयोग नाही). खायला खारे शेंगदाणे, गुळाचा खडा, खजूर. केळं नाही. जळगावची असून केळं नेत नाही म्हणून लोक हसतात, पण वेस्टच्या खिशात तासाभरात त्याची शिकरण होते, दूध सोडून.

ते बाबा अजून त्याच बागेत आहेत. मी दिसले की लांबूनच ओरडतात, "दप्तरमा पानी शे का आज?" मग मी वळून पाठ दाखवते.

तर वेस्टचं माप हवं असेल तर टीशर्टचा साइज सांगू नका, टेप घेऊन छातीचा घेर मोजा. आणि लिंक मागायच्या आधी एकदा दुकानावर या, काटा बाहेरच आहे, चपला काढून उभे राहा.