सातच मुलं

बुधवार, रात्री. लाईट आत्ता आली.

ॲडमिशन आज संपल्या. एफवायला जिऑलॉजी, म्हणजे भूगर्भशास्त्र, घेणारी मुलं सात. आयटीला वेटिंग आहे आणि आमच्याकडे सात, त्यामुळे मीटिंगमध्ये तोच विषय परत निघाला की वर्कलोड बसत नसेल तर विषय चालू ठेवायचा कशाला. मी बोललो, पण आवाज चढला माझा आणि मुद्दे राहून गेले, म्हणून इथे लिहितोय.

बहुतेक मुलांनी बारावीपर्यंत हा विषय पाहिलेलाच नसतो. आपलं कोकण बोर्ड 2012 मध्ये वेगळं झाल्यापासून निकालात राज्यात पहिलं येतंय, पण ती हुशार पोरं थेट मुंबई-पुण्याची गाडी पकडतात. दुपारी एका मुलाचे वडील आले होते, म्हणाले, "सर, दगडांचो अभ्यास करून ह्यो पोटाक काय खातलो?" प्रश्न रास्त आहे. मी त्यांना जीएसआय म्हणजे केंद्राचं भूवैज्ञानिक सर्वेक्षण सांगितलं, भूजल सर्वेक्षण सांगितलं, यूपीएससीची जिओ-सायंटिस्टची परीक्षा सांगितली, पण त्या परीक्षेला एमएस्सी लागते, आणि एमएस्सी म्हणजे दोन वर्षं बाहेरगावी खोली, मेस, फी. आंब्याच्या एका खराब सीझनमध्ये ते गणित कोलमडतं. मुलगा मागे उभा राहून मुकाट ऐकत होता.

दुसरी अडचण लॅबची. आमचे लॅबमधले काका रिटायर झाले, ती जागा भरलीच नाही. मायक्रोस्कोपखाली बघायला दगडाची स्लाईड करायची म्हणजे आधी पातळ चकती कापायची, एक बाजू कार्बोरंडमच्या खरखरीत पुडीवर घासून सपाट करायची, कॅनडा बाल्सम (झाडाचा चिकट डिंक) गरम करून ती काचेला चिकटवायची आणि मग दुसरी बाजू घासत घासत 0.03 मिलिमीटरवर आणायची. आमच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हाच्या काळ्या दगडात, प्लॅजिओक्लेज खनिजाच्या काड्या क्रॉस्ड निकॉल्सखाली (मायक्रोस्कोपच्या एकमेकांना आडव्या लावलेल्या दोन पोलरायझरमधून) राखाडी-पांढऱ्या दिसल्या की थांबायचं, पिवळ्या दिसतायत तोवर स्लाईड जाड आहे, आणि जरा जास्त घासलं तर दगडच नाहीसा. काका मायक्रोस्कोपला एकदा डोळा लावायचे आणि परत काचेवर बोट फिरवत बसायचे. आता आम्ही तासिकेवरची माणसं लेक्चर संपवून हे करणार कधी? जुन्या स्लाईडवर भागवतोय, त्यातल्या बऱ्याच तडकल्यात.

आणि हे सगळं कुठे, तर सिंधुदुर्गात! उत्तरेला विजयदुर्गकडे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट पठारांवर, जांभा, कासार्ड्याला सिलिका वाळू, रेडीला लोहखनिज. लोक पैसे खर्चून जे बघायला लांबलांब जातात ते आमच्या पोरांना एसटीच्या अर्ध्या तिकिटात मिळतं. एवढी मोठी लॅब मुंबईतल्या कुठल्या कॉलेजला आहे सांगा.

बरं, गरजही इथेच आहे. 22 जुलै 2021 ला महाडजवळच्या तळिये गावात दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. डोंगराला वरच्या अंगाला भेग पडली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर त्याचा अर्थ काय हे गावातल्याच कुणाला तरी कळायला हवं ना? पाण्याचंही तेच. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये सड्यावरच्या वाड्यांना टँकर. जांभा चाळणीसारखा, पाणी आत घेतो, खाली चिकणमातीचा थर लागला की तिथून आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला झरा होऊन निघून जातं, मग वरती कितीही बोअर मारा. लोक पाणाड्याला बोलावतात, तो नारळ हातावर धरून फिरतो. लोकांना दोष देत नाही मी, दुसरं कुणी सांगायला गेलंच नाही त्यांच्याकडे.

म्हणून पत्र लिहायला घेतलंय. दोन मागण्या, लॅबची जागा भरा आणि फील्डसाठी वर्षाचे ठरलेले पैसे द्या. विषय बंद करायची चर्चा त्यानंतर करा, म्हणजे मुलांना शिकवायची साधनं आधी देऊन तर बघा.

शनिवारी सातही जणांना हायवेसाठी डोंगर कापलाय त्या कटिंगला नेतोय. पाऊस असला तरी जायचं, उलट असावाच, जांभा आणि माती जिथे मिळतात त्या रेषेतून पाणी झिरपताना पावसातच दिसतं. उभं मात्र रस्त्याच्या पलीकडेच राहायचं, कटिंगखाली कुणीही जायचं नाही, हे ग्रुपवर आत्ताच टाकलंय.