रेषेच्या बाहेर पडलेला बॉल

सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघतेय, तू पण काहीतरी लिही असा समितीकडून फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं आणि मग पंधरा दिवस काहीच लिहिलं नाही. शाळेने काय दिलं असं कोणी विचारलं की संस्कार, शिस्त, मैत्री हेच शब्द पटकन येतात, आणि ते खोटे नाहीत, पण मला जे मिळालं ते एका आठवड्यात मिळालं, नववीत, भित्तिपत्रकाच्या बोर्डासमोर, आणि तेच लिहायचं ठरवलंय. इतिहास-नागरिकशास्त्राच्या बाईंचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही, पण आमच्या आगेमागच्या बॅचना लगेच कळेल.

तर त्या वर्षी आपल्या मुलींच्या टीमने आंतरशालेय व्हॉलीबॉलची फायनल जिंकली होती. शेवटचा पॉइंट लाइनजवळ पडला, पंचांनी इन दिला, आपण जिंकलो, दोन दिवस शाळेत दुसरा विषय नव्हता. कॅप्टन आमच्याच वर्गातली, घोटा सुजलेला असताना खेळली होती ती. आणि सोमवारी भित्तिपत्रकावर आमच्याच वर्गातल्या एका मुलाचा लेख लागला, एक पान, निळ्या शाईत: शेवटचा बॉल बाहेर होता, पंचांनी आपल्याला झुकतं माप दिलं, आपण ट्रॉफी परत करायला हवी.

पहिल्या तासाच्या आधीच वर्ग पेटला. गद्दार, शाळेचं नाव घालवतो, समोरच्या शाळेत जा ना मग, सगळं झालं. कॅप्टन रडत होती आणि तिचं रडणं खरं होतं, हे मी आज मुद्दाम लिहितेय, कारण जे लोक एखादं मत बंद करा म्हणतात ते दरवेळी दुष्टच असतात असं नाही, बऱ्याचदा त्यांना खरंच लागलेलं असतं. मॉनिटरने बाईंना सांगितलं, हा लेख काढा, सगळ्या वर्गाचं म्हणणं आहे. बाई म्हणाल्या, सगळ्या? बरं, लेख काढावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.

शेहेचाळीस जणांचा वर्ग. पंचेचाळीस हात वर. तो एकटा खाली मान घालून बाकावर नखाने रेघा ओढत बसला होता.

बाई काही बोलल्या नाहीत. वहीची पानं फाडून सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या, नाव घालू नका, फक्त काढा किंवा राहू द्या एवढंच लिहा, घडी करून डब्यात टाका. मग फळ्यावर मोजल्या. काढा, सत्तावीस. राहू द्या, एकोणीस. म्हणजे त्या मुलाची एक सोडली तर बाकीचे अठरा जण पाच मिनिटांपूर्वी हात वर करून बसले होते. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो, ते अठरा कोण, आणि मला माहीत होतं त्यातली एक मी आहे. वर्गात जी एवढी एकी वाटत होती तिच्यातले पाचातले दोन हात नुसते शेजाऱ्याकडे बघून वर गेलेले होते.

मला वाटलं आता बाई व्याख्यान देणार. तसं झालं नाही. त्या म्हणाल्या, सत्तावीस जणांचं बहुमत आहे, लेख निघेल, पण एका अटीवर. ज्याला तो खोडायचाय त्याने आधी इथे येऊन याचं म्हणणं याच्यापेक्षा चांगलं मांडायचं. हा स्वतः म्हणाला पाहिजे की हो, मला हेच म्हणायचंय. मग खोडा.

पहिला मॉनिटर गेला. "याचं म्हणणं आहे की आपल्या मुली फसवून जिंकल्या." तो मुलगा म्हणाला, मी असं म्हणालोच नाही. परत बसला. दुसरी एक गेली, तेच. मग बाईंनी मला उभं केलं, का मलाच ते मला आजही कळलेलं नाही. मीही दोनदा चुकले. दोन्ही वेळा मी त्याचं वाक्य घेऊन ते थोडं वाकडं करून मांडत होते, म्हणजे खोडायला सोपं जाईल असं, आणि हे मी करतेय हे मला करताना समजत नव्हतं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "याला मुलींबद्दल काही म्हणायचं नाहीये, मुली चांगल्याच खेळल्या, पण एक पॉइंट चुकून मिळाला असेल आणि आपल्याला ते माहीत असेल तर गप्प बसून ट्रॉफी ठेवणं बरोबर नाही, असं याचं म्हणणं आहे." तो म्हणाला, हो. बाई म्हणाल्या, आता खोड. आणि मला खोडता येईना.

त्याचंही सगळं बरोबर नव्हतं. बाईंनी त्याला विचारलं, पंचांनी झुकतं माप दिलं हे तुला कशावरून माहीत? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. एका मुलीने सांगितलं की पंचांच्या समोरच आपली एक खेळाडू आडवी आली होती, त्यांना दिसलंच नसेल. त्याने स्वतः बोर्डापाशी जाऊन ते एक वाक्य खोडलं. बाकीचा लेख पंधरा दिवस राहिला आणि बाईंनी त्याच्या शेजारी एक कोरा कागद लावला, ज्याला उत्तर द्यायचंय त्याने लिहा. तो कागद दोन्ही बाजूंनी भरला. ट्रॉफी काही परत गेली नाही, मुख्याध्यापकांनी पंचांचा निर्णय अंतिम म्हणून विषय संपवला आणि तेही एक मत आहेच. पण तो लेख पहिल्याच दिवशी निघाला असता तर पंचांबद्दलचा खोटा आरोप मधल्या सुट्टीत कुजबुजत फिरत राहिला असता, आणि पंचांना दिसलं नसेल ही साधी गोष्टही कोणाला कळली नसती. गप्प केलं की माणूस फक्त बोलायचा थांबतो, त्याचं मत तसंच आत राहतं, आणि त्यातलं चुकीचं तपासायची संधीही जाते.

पुढे कॉलेजात सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग वाचले तेव्हा अंगावर काटा आला. १९५० च्या दशकात अमेरिकेत त्यांनी हे प्रयोग केले. एका कार्डावर एक रेष, दुसऱ्यावर लहानमोठ्या तीन, पहिल्या रेषेएवढी कोणती ते मोठ्याने सांगायचं, एवढंच. खोलीतला एक जण सोडून बाकीचे सगळे आधीच ठरवून घेतलेले, ते मध्येमध्ये सगळेच्या सगळे तेच चुकीचं उत्तर द्यायचे. एकट्याने करताना या कामात जवळपास कोणीच चुकत नाही. पण ठरवून चुकीचं उत्तर दिलेल्या फेऱ्यांमध्ये त्या बिचाऱ्या माणसाची तीनातली एकाहून जास्त उत्तरं गटासारखी चुकीची आली आणि चारातल्या सुमारे तिघांनी निदान एकदा तरी री ओढली. रेषा डोळ्यांसमोर असताना! मला मात्र पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. गटात एकच माणूस बरोबर उत्तर देणारा ठेवला की हे मान डोलावणं एकदम खाली यायचं, आणि उत्तर मोठ्याने न सांगता लिहून द्यायला सांगितलं की चुका बऱ्याच कमी व्हायच्या. म्हणजे आमचा तो मुलगा आणि आमच्या त्या चिठ्ठ्या. बाईंनी ॲश वाचले होते का माहीत नाही, विचारायचं राहून गेलं.

वर्गात फार तर एक लेख फाटतो. देशाच्या पातळीवर हेच झालं की काय होतं त्याचं लायसेन्कोचं उदाहरण मला कायम आठवतं. सोव्हिएत युनियनमध्ये निकोलाय वाविलोव्ह नावाचे फार मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ होते, जगभर फिरून बियाणांचा प्रचंड संग्रह केलेला माणूस. त्रोफिम लायसेन्को हा तिथला कृषितज्ज्ञ म्हणायचा जनुकं वगैरे काही नसतं, वाढताना मिळालेले गुण पुढच्या पिढीत उतरतात, आणि हे सरकारच्या विचारसरणीत छान बसायचं. त्याला विरोध करणाऱ्या वाविलोव्हना १९४० मध्ये अटक झाली आणि १९४३ मध्ये साराटोव्हच्या तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. मग १९४८ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोला कृषी अकादमीच्या अधिवेशनात शेवटच्या दिवशी लायसेन्कोने जाहीर केलं की माझा अहवाल पक्षाच्या केंद्रीय समितीने मंजूर केलाय. सभागृह उभं राहिलं, टाळ्या. आधी विरोधात बोललेल्या काही शास्त्रज्ञांनी त्याच दिवशी उठून आपली मतं मागे घेतली. पुढची बरीच वर्षं त्या देशात जनुकशास्त्र शिकवणं बंद झालं, १९६४ नंतर कुठे परत सुरळीत सुरू झालं. मला नेहमी वाटतं, त्या सभागृहात कोणी चिठ्ठ्या वाटल्या असत्या तर किती निघाल्या असत्या?

आणि बोलू न देणं जेवढं वाईट तेवढंच जबरदस्तीने बोलायला लावणं. हे मला नोकरीत कळलं. मी तेव्हा जिथे होते तिथे एका सामाजिक प्रश्नावर ऑफिसने निवेदन काढलं, सगळ्यांनी आपापल्या प्रोफाइलवर लावा म्हणाले, सक्ती नाही बरं का. पण आमच्या टीमची एक एक्सेल शीट होती, लावलं त्याचा चौकोन हिरवा, नाही लावलं त्याचा लाल, आणि ती शीट सगळ्यांना दिसायची. आठवडाभरात एकच लाल राहिला. तो म्हणायचा, तीन मुद्द्यांपैकी दोन मला मान्य आहेत, तिसरा पटत नाही, मग मी सही कशी करू? हळूहळू लोक त्याच्यासोबत डबा खायचे बंद झाले. मला तिन्ही मुद्दे मान्य होते, आजही आहेत, माझा चौकोन पहिल्या दिवशी हिरवा झाला होता, आणि तरी मला ती शीट उघडली की पोटात कसंतरी व्हायचं. तीन आठवडे मी मूग गिळून बसले. मग एका मीटिंगमध्ये त्याला सगळ्यांसमोर खोचक प्रश्न विचारले जात होते तेव्हा मी म्हटलं, थांबा, तो काय म्हणतोय ते मी सांगते, आणि त्याचा तिसरा मुद्दा बाईंच्या पद्धतीने मांडला, आणि मग म्हटलं मला हा पटत नाही, याची ही ही कारणं, पण ही शीट बंद करा. हात थरथरत होते माझे. शीट बंद झाली. तो तरीही काही महिन्यांनी नोकरी सोडून गेला, त्यामुळे मी काही वाचवलं असं म्हणता येत नाही. मीटिंगनंतर तिघं वेगवेगळे माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, तू बोललीस ते बरं झालं. तेच ते, चिठ्ठीतले.

शाळांच्या बाबतीतली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. अमेरिकेत १९४० मध्ये प्रश्न आला होता की धार्मिक श्रद्धेमुळे झेंड्याला सलामी न देणाऱ्या मुलांना शाळेतून काढता येतं का. सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला, काढता येतं. एकटे हार्लन स्टोन विरोधात. तीनच वर्षांनी, १९४३ मध्ये, तसाच खटला परत आला आणि सहा विरुद्ध तीन असा उलटा निकाल लागला, सरकार कोणाच्या तोंडी श्रद्धेचे शब्द घालू शकत नाही म्हणून. महायुद्ध चालू होतं तेव्हा, देशप्रेमाच्या नावाने काहीही खपलं असतं, आणि तरी! आधी बहुमतात असलेल्या तीन न्यायाधीशांनी आपलं मत बदललं होतं. आपल्याकडेही १९८६ मध्ये केरळच्या तीन भावंडांना सुप्रीम कोर्टाने शाळेत परत घ्यायला लावलं, ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण गायची नाहीत. मी स्वतः राष्ट्रगीत मोठ्याने म्हणते, मला ते म्हणताना भरून येतं, आणि तरी मला हा निकाल शंभर टक्के बरोबर वाटतो.

माझी मुलगी या विषयावर माझ्याशी भांडते. म्हणते, आई, म्हणजे कोणीही काहीही बोलायचं आणि आम्ही ऐकून घ्यायचं? नाही गं. कोणाला मारायची धमकी देणं हे मत नाही, जमावाला आत्ता जा आणि ते घर जाळा म्हणणं हे मत नाही, एखाद्याबद्दल माहीत असून खोटं पसरवणं हेही नाही, त्याला कायदा आहे आणि असावा. पण मला राग आला आणि मला धोका आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आजकाल आपण पहिलीला दुसरीचं नाव देतो, माझ्या बाजूचे लोकही देतात, त्याचंच मला जास्त दुःख आहे. तिचं म्हणणं असं की ज्यांना आधीच कोणी ऐकत नाही त्यांना या मोकळेपणाचा त्रास जास्त होतो. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. मी एवढंच विचारते की बोलण्यावर बंदी घालायची सत्ता कोणाच्या तरी हातात द्यायची तर ती त्या न ऐकल्या जाणाऱ्या लोकांच्या हातात जाईल असं तुला का वाटतं? आमचं अजून मिटलेलं नाही. दर रविवारी फोनवर पुढचा भाग असतो.

आता जे लिहायला मी बसले होते ते.

फायनलच्या दिवशी मी लाइनपाशी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होते. बॉल पडला तेव्हा चुन्याच्या रेषेच्या पलीकडे माती उडाली, रेषा जशीच्या तशी राहिली. मी ते पाहिलं होतं. त्याचा लेख वाचताना मला माहीत होतं, हात वर करताना माहीत होतं, तिसऱ्यांदा त्याचं म्हणणं बरोबर मांडलं तेव्हाही माहीत होतं आणि तेव्हाही मी पाहिलंय एवढं म्हणाले नाही. त्या कोऱ्या कागदावर चौथ्या दिवशी कोपऱ्यात पेन्सिलीने एक ओळ होती, "मी जवळून पाहिलं, बॉल बाहेर होता". सगळ्यांनी खूप अंदाज बांधले कोणी लिहिलं असेल. त्या मुलाने बाकीचे दिवस त्या एका ओळीवर काढले असं त्याने मागच्या बॅच-भेटीत सांगितलं, कोण होतं ते त्याला अजून माहीत नाही.

ती मी होते. बॉल रेषेच्या चार बोटं बाहेर होता. तेव्हा नाव घातलं नव्हतं, या लेखाखाली घालतेय.