फ्लॅट टॉप्सचा चौथा सीझन: बर्फ पडला तरी पंचाईत, नाही पडला तरी

मंडळी, टॅगचं मागे सांगितलंच होतं: काऊ टॅग (म्हणजे एल्क या मोठ्या हरणाची एक मादी मारायचा परवाना), चौथा रायफल सीझन, १९ ते २३ नोव्हेंबर २०२५. युनिटचा, म्हणजे शिकारीच्या विभागाचा, आकडा विचारू नका, सांगणार नाही. कोलोरॅडोतल्या मीकर गावाच्या वर, फ्लॅट टॉप्सच्या पठारावर, व्हाईट रिव्हरच्या अंगाला, एवढं पुरे. या मुलखात एल्क आहेत का, हा प्रश्नच नाही; इथला कळप प्रचंड आहे. पण जनावर, रस्ता आणि सरकारी जमीन ही तिन्ही एकाच दिवशी एका जागी कशी गाठायची, यावर माझ्या रात्रीच्या रात्री नकाशात गेल्या आहेत.

गोची अशी. बर्फ कमी असेल तर एल्क साडेनऊ-दहा हजार फुटांवर मजेत राहतात. दीडेक फुटाचा भुसभुशीत बर्फ खुरांनी उकरून खालचं गवत खातात. वर सगळं नॅशनल फॉरेस्ट, कुणाची परवानगी नको. पण तोवर तीन सीझनच्या बंदुका ऐकून शहाणी झालेली ही जनावरं दाट झाडीत, रस्त्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब बसलेली असतात. उलट बर्फ दणकून पडला की अख्खे कळप उतरतात ते थेट नदीकाठच्या रँचवर. ते कुंपणाच्या आत गवताच्या गंजीशी उभे, आणि आपण रस्त्यावर दुर्बीण लावून हात चोळत.

त्यात रस्त्यांचं त्रांगडं. रिपल क्रीक पास १०,३४३ फुटांवर, आणि तिथला बर्फ हिवाळ्यात कुणी काढत नाही. शिवाय व्हाईट रिव्हर नॅशनल फॉरेस्टमधल्या बऱ्याच कच्च्या रस्त्यांवर २३ नोव्हेंबरपासून गाड्यांना बंदी. म्हणजे नेमका सीझनचा शेवटचा दिवस! २२ च्या संध्याकाळी काऊ पडली तर मांस खाली येईपर्यंत आपली गाडी गेटच्या चुकीच्या बाजूला. वरच्या कॅम्पचा बेत इथेच डळमळला. रोज रात्री रिपल क्रीक आणि ट्रॅपर लेक या दोन स्नोटेल ठाण्यांचे (बर्फ आपोआप मोजणाऱ्या सरकारी केंद्रांचे) आकडे बघतो, मागच्या वर्षांचे नोव्हेंबरही चाळले. निष्कर्ष एकच: नोव्हेंबरच्या भरवशावर कॅम्पची जागा ठरवू नये.

जुन्या जाणत्यांचे सल्लेही यंदा जपून घ्यायला हवेत. ऑगस्ट २०२५ मध्ये मीकरच्या नैर्ऋत्येला ली फायर नावाच्या वणव्याने १,३७,००० एकरांहून जास्त रान जाळलं. हिवाळ्यात जनावरं उतरतात ती सेजब्रश-जुनिपरच्या झुडपांची जमीनही त्यात आली. आता ती कुठे वळतील, हे कोण छातीठोकपणे सांगणार?

मग डोळा गेला खालच्या बीएलएमच्या (केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या) एका चौकोनावर. चहूबाजूंनी खाजगी, फक्त एका कोपऱ्याला दुसऱ्या सरकारी चौकोनाशी टेकलेला. वायोमिंगच्या एल्क माउंटनवर शिडी लावून असा कोपरा ओलांडणाऱ्या मिसूरीच्या चौघा शिकाऱ्यांचा खटला तुम्हाला माहीत आहेच: खाजगी जमिनीवर पाय न टाकता एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात गेलं तर ती घुसखोरी का, हा वाद. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या केंद्रीय अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला हात लावायला नकार दिला, आणि कोलोरॅडो त्याच सर्किटमध्ये येतो. निकाल मला मनापासून पटतो. पण फोनवरच्या नकाशात हद्दीची रेघ कितीही सुबक दिसो, जीपीएस पाच-सात मीटर सहज हलतो. जमिनीत सर्व्हेची पितळी खुंटी दिसत नाही तोवर मी त्या कोपऱ्यावर पाय टाकणार नाही. चौकोन बाद.

आणि मग सापडली घळ! नदीकाठाने वर जाणारी पायवाट, सुरुवात आठ हजार फुटांच्याही खाली, आणि पुढे सगळं विल्डरनेस, म्हणजे चाकाच्या वाहनांना बंदी असलेलं राखीव रान. उजवा काठ नैर्ऋत्येकडे तोंड करून असल्यामुळे त्या उतारावर बर्फ टिकत नाही, गवत उघडं राहतं. वरून हुसकलेल्या जनावरांना रँचवर न जाता थांबायला हीच जागा. स्काऊटिंगला, म्हणजे आधी जागा बघायला, गेलो तेव्हा वाऱ्याचा रोख कळावा म्हणून डबीत मिल्कवीडच्या म्हाताऱ्या भरून नेल्या होत्या (आपल्या रुईच्याच कुळातल्या; पावडरच्या बाटलीपेक्षा शंभर पटीने बऱ्या, लांबवर दिसत राहतात). पहाटे सोडलेली म्हातारी उतारावरून खाली आली, माझ्या गुडघ्याजवळून सरकत घळीच्या तोंडाकडे गेली. सूर्य त्या उताराला उशिरा गाठतो, त्यामुळे दहाच्या सुमारापर्यंत हेच चाललं होतं. मग एक म्हातारी हवेत जागच्या जागी थांबली, जरा घुटमळली आणि सरळ वर निघाली.

म्हणजे सकाळी घळीतून वर चालताना थर्मल (ऊन-थंडीने उतारावर खाली-वर वाहणारी हवा) आपल्या तोंडावर, आणि तेही इतर उतारांपेक्षा जास्त वेळ. दहानंतर मात्र मुकाट्याने मागे फिरायचं किंवा समोरच्या सावलीच्या काठावरून ग्लासिंग करायचं, म्हणजे दुर्बिणीने उतार न्याहाळायचा. आपला वास एकदा त्या उतारावर चढला की सीझन संपला समजा.

राहिला पॅकआऊट, म्हणजे मांस गाडीपर्यंत वाहून आणणं. हाडं काढूनही काऊचं साठ-सत्तर किलो मांस धरा. दोन चाकी गाडा विल्डरनेसमध्ये चालत नाही, म्हणून बर्फावरून ओढायची प्लास्टिकची स्लेड. माझा नागपूरकर जोडीदार नकाशा बघून म्हणाला, “इतकं चालाचंच हाय, त मंग ट्रक कायले घेतला बे?” प्रश्न रास्त आहे. गटलेस पद्धतीने, म्हणजे पोट न फाडता, क्वार्टर (चार मोठे तुकडे) करणार, मादीची खूण म्हणून कास एका क्वार्टरला लागलेली ठेवणार.

हे लिहितालिहिता एक सुचलं. घळीत बर्फच नसला तर स्लेड दगडांवर घासत न्यायची का? त्यापेक्षा सकाळी फ्रेम पॅक पाठीवर घेऊन निघू, स्लेड गाडीत राहू दे. बर्फ असला तर दुसऱ्या खेपेला आणू. आणि वर राहायचंच नाही, तर शेगडीचा तंबू तरी कशाला? मीकरमध्ये खोली घेऊ, पहाटे तीनला निघू. ओले बूट रात्री हीटरपुढे सुकतील, आणि तेवढ्यासाठी मी मोटेलचं भाडं आनंदाने देईन.

एक विचारायचं आहे. नदी दोनदा ओलांडावी लागते, आणि काठाला बर्फाचा पापुद्रा धरला असणार. हिप वेडर्स (मांडीपर्यंतचे रबरी बूट) न्यावेत की निओप्रीनचे मोजे आणि जुने बूट? वजन पाठीवर माझ्याच आहे, तेव्हा खरोखर वापरून बघितलेल्यांनीच सांगा.