सहा फुटी टँक आणि 'आफ्रिकन मिक्स'

आजचा रविवार राजारामपुरीत मित्राच्या माशांच्या नव्या टँकपायी गेला. सहा बाय दोन बाय दोन फूट, म्हणजे काठोकाठ ६८० लिटर.

दुकानातल्या 'आफ्रिकन मिक्स'मधून, म्हणजे आफ्रिकन सिक्लिड माशांच्या सरमिसळीतून, रंग बघून वीस मासे उचलायचे, इथंच सगळा घोळ होतो. त्यात ऑराटस आणि केनयी या भांडखोर जाती हमखास निघतात. दोन इंचांचे असताना लय गरीब दिसतात, चार इंचांना पोचले की बाकीच्यांच्या शेपट्या शिल्लक राहत नाहीत.

आफ्रिकेतल्या मलावी तलावातले म्बुनाच, म्हणजे खडकांत राहणारे सिक्लिडच, पाळायचे तर यलो लॅब, साउलोसी आणि रस्टी या तीन जाती, प्रत्येकी आठ. एका नरामागं तीन-चार माद्या. लॅबसोबत रेड झेब्रा ही म्बुनाचीच दुसरी जात नको, संकर होतो आणि पिल्लं धड इकडची ना तिकडची. पीकॉक हे त्याच तलावातले सिक्लिड मवाळ, ते वेगळ्या टँकमध्येच बरे. खायला स्पिरुलिनाचे (एक प्रकारच्या शेवाळाचे) दाणे. म्बुना दगडावरचं शेवाळ खरवडणारे. ब्लडवर्मचा (लाल अळ्यांचा) मारा केला की पोट फुगतं, लांब पांढरी विष्ठा लोंबते आणि मासा खाणं सोडतो. तिथून क्वचितच वाचतो.

दगड आपला काळा बेसाल्ट चालतो, पाण्यात काही सोडत नाही. फक्त धार घासून काढा. आधी काचेवर पातळ फोम, त्यावर दगड, वाळू सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर मासे खालची वाळू उकरतात, दगड कलंडतो आणि काच जाते.

पाण्याचा पीएच (आम्लता-अल्कतेचं माप) ७.८ ते ८.६. कमी भरला तर फिल्टरमध्ये कोरलचा (प्रवाळाचा) चुरा. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट ही विषारी द्रव्यं शून्य आल्यावर तिन्ही जाती एकदमच सोडा, नाहीतर आधी आलेला जागा धरून बसतो.