पडछाया रंगवायची की पडू द्यायची?

मंगळवार, १४ जुलै. लालबाग.

काल रात्री पाण्याच्या तांब्याचं, कागदाचे थर कापून एकावर एक लावलेलं चित्र भिंतीवर टांगलं आणि जीव खट्टू झाला. खिडकीपाशी मांडून रंगवलं तेव्हा उजेड डावीकडून होता, म्हणून पडछाया उजवीकडे रंगवली. भिंतीवर ट्यूबलाइट उजवीकडून. कागदाच्या थरांची खरी सावली डावीकडे पडली आणि एकाच तांब्याला दोन सावल्या झाल्या.

हात शाळेतल्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेपासून असाच बसलाय: आधी उजेडाची बाजू ठरवायची, मग वस्तूच्या अंगावरची छटा, मग टेबलावरची पडछाया. सपाट कागदावर हे सगळं मीच करायची. आता मध्ये २ मिलिमीटरची फोम टेप लावून थर उचलले, की पडछाया उजेडच काढतो. तिथे माझी लुडबुड नको. पोस्टर कलरने फक्त तांब्याच्या अंगावरची छटा द्यायची, तीही हलकी. चकाकी एकाच जागी.

कडेचं मात्र मोठं कोडं आहे. कटरची कड कायम धारदार. अठराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकार शार्दँच्या चित्रांतली तांब्याची भांडी पाहिली, की त्यांची अंधारातली बाजू पार्श्वभूमीत विरघळलेली दिसते. ती कड कागदात आणायची कशी? आज तांब्याच्या सावलीतल्या बाजूचा थर आणि मागचा कागद दोन्ही एकाच करड्या-तपकिरी रंगात रंगवले. टेप न लावता थर मागच्या कागदाला चिकटवला. कड हरवली! दहा पावलं मागे जाऊन पाहिलं, मग आईला बोलावून दाखवलं.

पावसाळी हवेत कागद ओल पितो आणि वाकतो, म्हणून दरवर्षी जूननंतर मी हे काम बाजूला ठेवायची. पण कागदाचे तंतू रुंदीत जास्त फुगतात, त्यामुळे कागदाची वळकटी तंतूंच्या दिशेला समांतरच होते. मग २५० जीएसएमच्या जाड कागदाचा तुकडा तंतू उभे येतील असा कापला, मागून ओला बोळा फिरवला. वाळताना कागद मागे वळला आणि तांब्याचं पोट आपोआप पुढे आलं. त्या गोलाईवर खिडकीतला उजेड असा सरकत गेला, की ब्रश उचलावासाच वाटला नाही.

चित्रातली लिंबं अजून सपाट दिसतात, त्यांचं नंतर पाहू. उद्या कांदा. त्याची वरची साल हातानेच फाडणार, कटर नको.