‘सेन्सिटिव्ह’ असूनही नको

मे महिना. सोलापुरात पारा 42 च्या वर. साडेअकराला आमच्या लॅबमध्ये लघवीची डबी आली, फॉर्मवर लिहिलेलं: गरोदर, 34 आठवडे, ताप, थंडी, उजव्या कुशीत दुखणं. नमुना सकाळी आठचा, तीन तास टेबलावर पडलेला. परत पाठवला. ऊब मिळाली की ई. कोलाय (आतड्यातला, लघवीच्या संसर्गाला नेहमी कारण ठरणारा जंतू) वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. त्वचेवरचे जंतूही सोबत वाढतात, मग खरा दोषी कोण ते जंतू वाढवायची प्लेट सांगत नाही. सिस्टरना फोन केला : पहिली धार सोडून मधली घ्या, दोन तासांत पोचवा, नाहीतर 4 अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवा. आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन नमुना घेतल्यानंतरच.

दुसरा नमुना वेळेत आला. प्लेटवर लघवी पसरवायच्या तारेच्या लूपमध्ये 1 मायक्रोलिटर मावतो, म्हणून 100 वसाहती म्हणजे मिलिलिटरला 1 लाख. दुसऱ्या दिवशी मॅकॉन्की प्लेटवर गुलाबी थर, मोजायला जागाच नाही. ई. कोलाय.

तिसऱ्या सकाळी अँटिबायोटिकच्या डिस्कभोवतीची, जंतू न वाढलेली वर्तुळं मोजली. सेफ्टाझिडीम 14 मिमी. त्यालाच क्लाव्ह्युलॅनिक अॅसिडची जोड दिलेली डिस्क 22. फरक 5 किंवा जास्त असला की ईएसबीएल, म्हणजे सेफ्ट्रायॅक्सोनसारखी औषधं फोडणारं एन्झाइम. तेच इंजेक्शन दोन दिवस चालू होतं. ताप का हटत नव्हता ते कळलं. चौकशीत निघालं, आधी दोनदा जळजळ झाली तेव्हा मेडिकलमधून तीन-तीन दिवसांच्या गोळ्या आणल्या होत्या. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची ही तपासणी, एकदाही नाही.

नायट्रोफ्युरँटॉइन मात्र 19 मिमी, सेन्सिटिव्ह, म्हणजे प्लेटवर जंतू त्याला दबतो. गोळी स्वस्त, घरी घेता येणारी. रिपोर्ट पाहून कुणीही तीच लिहील. पण ती लघवीत साठते, किडनीच्या मांसात पुरेशी पोचत नाही. नुसती जळजळ असती तर चालली असती (दिवस भरत आल्यावर तीही टाळतात, बाळाच्या तांबड्या पेशी फुटू शकतात). फॉस्फोमायसिनच्या 3 ग्रॅमच्या पुडीचंही तेच, मूत्राशयापुरती. इथे ताप आणि कूस, म्हणजे किडनी. उजवीच बहुधा, कारण गर्भाशय उजवीकडे कलतं आणि तिकडची मूत्रवाहिनी दाबतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनला जंतू रेझिस्टंट होताच, म्हणजे दबत नव्हता; गरोदरपणात ते तसंही टाळतात.

उरलं मेरोपेनेम, 26 मिमी, सेन्सिटिव्ह. रिपोर्ट छापायची वाट न बघता डॉक्टरांना फोनवर सांगितलं. दर 8 तासांनी 1 ग्रॅम शिरेतून सुरू झालं. दोन दिवसांत ताप उतरला.

औषध संपल्यावर आठवड्याने पुन्हा कल्चर. या वेळी डबी बर्फाच्या थर्मासातून आली. वाढ नाही.