तुम्ही विचारलंत म्हणून: आत्याकडून सही?

लग्नात भेटा, आठवडे बाजारात भेटा, प्रश्न तोच. वांग्याचं बी फुकट देतोस, मग कागदावर सही कशाला? तीही सख्ख्या आत्याकडून?

कागदावर दोनच ओळी आहेत. हे बी पेरा, वाटा, विका. पण त्यावर किंवा त्यातून काढलेल्या जातीवर हक्क सांगून दुसऱ्याला अडवू नका. डोकं माझं नाही. अमेरिकेत २०१४ पासून काही पैदासकार अशीच शपथ घालून बी देतात, जर्मनीत २०१७ साली टोमॅटोला तसा परवानाच लावला.

वकील भाचा ऐकवतो, "मामा, आपल्याकडे बियाण्याला पेटंट मिळतच नाही." खरंय. २००१ च्या पीकवाण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बी राखायची, बदलायची, ब्रँड न लावता विकायचीही मुभा आहे. पण वाणाची नोंदणी करून त्यावर हक्कही त्याच कायद्यात मिळतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा मी पेढे वाटले होते. राखलं गेलं ते नाव, बी नव्हे, हे मागाहून कळलं.

आता आत्याचं. चैत्रात आली. झाडावरच पिवळं होऊ दिलेलं वांगं चिरून मी बी पाण्यात चोळत होतो. तिनं बांगड्या वर सारल्या, घमेल्यात हात घातला आणि तरंगलेलं पोचट बी ओंजळीनं बाहेर टाकू लागली. काम उरकल्यावर म्हणाली, मूठभर दे. राख लावून बांधलेली पुरचुंडी मी काढली, आणि आधी कागद पुढे केला. नियम सगळ्यांना सारखा, असंही काहीतरी बरळलो.

तिनं कागदाकडे पाहिलंच नाही. "मन्ही मायनं बी शे हाई. माले सही मांगस?"

पदराला हात पुसले नि गेली. चहा तसाच राहिला.

दहा वर्षांपूर्वी मी मागेल त्याच्या रुमालात बी ओतायचो आणि बी अडवणाऱ्याला पापी म्हणायचो. मग आमच्याकडून नेलेलं बी एकानं पाकिटात घातलं, वर छापलं: मालकीचं वाण, पुन्हा विकू नये. मी ते विकत आणून पेरलं. आपलंच वांगं! त्या दिवसापासून कागद.

पण पाकीटवाल्यानं सही केली असती आणि तरी तेच केलं असतं, हेही मला कळतं. सही नाकारली ती एकट्या आत्यानं.

मृग तोंडावर आलाय. पुरचुंडी फडताळातच आहे, सुतळीखाली कागद खोचलेला. दोनदा काढला, दोनदा परत खोचला.